कॅलिपर धुवायची दारू

अगं, पहिल्यांदा मला एवढंच खटकलं की मोहाच्या दारूची बाटली अर्धी झाली होती, पण गाडीच्या ब्रेकचे कॅलिपर कोरडेच होते. आरमोरीत डिस्क ब्रेकचा मिस्त्री तेव्हा कुठला! म्हणून मामाजींनी अंगणातच काम काढलेलं. “रॉकेलनं रबर फुगते बाई, दारूनंच धुवा लागते,” असं आईला पटवून बाटलीही आणवली. मग मला सीटवर बसवून गाडीखाली शिरले आणि म्हणाले, “कॅलिपरातला पिस्टन अडकला हाय. दाब पेडल, म्हणजे बाहेर येते!”

मी डोळे मिटून दाबलं. फाट्‌कन आवाज झाला आणि खाली सगळं गप्प. पिस्टन कपाळातच बसला असणार!

“मामाजी! ओ मामाजी!” मी रडतच ओरडले, “जिवंत आहात ना?”

“हाव ना बाई! तोंडात घोट असला तं बोलू कसा?”