शहागडच्या म्हाताऱ्याचा संदर्भ

हसायचं तर हसा, पण संदर्भसूची म्हणलं की अजून माझी मान खाली जाते.

पीएचडीसाठी लिहिलेला माझा पेपर गाईडनं वापस केल्ता. "संदर्भ बराबर लावून आण," म्हणले. मंग मी कॉलेजच्या लायब्ररीतल्या मॅडमकडं गेलो. चार वर्षं त्यांच्याच हातून पुस्तकं नेत होतो.

विषय माझा, खतासाठी रानात मेंढ्या बसवायची पद्धत. मॅडम एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायच्या, "सर, हे कुठून घेतलं?" मी सांगायचो, त्या लिहून घ्यायच्या. एका वाक्यावर मात्र त्यांचं बोट थांबलं: 'शेतकऱ्याच्या घरून भाकरी आल्याशिवाय आम्ही चूल पेटवत न्हाई.'

"हे कुणी सांगितलं?"

खरं म्हणजे ते मी पहिलं पान नसलेल्या एका पीडीएफमधून उचललं होतं. पण ऐटीत म्हणलं, "शहागडचा एक मेंढपाळ म्हातारा. मागच्या उन्हाळ्यात मीच गेल्तो, त्याच्याजवळ बसून लिहून घेतलं."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. मंग हळूच म्हणल्या, "हे वाक्य माझ्या वडिलांचं हाय, सर. ते वारून सहा वर्षं झाली. माझ्या प्रबंधात लिहिलंय मी ते."

मला तिथून पळून जावं वाटू राह्यलं. पण त्यांनी पेन माझ्यापुढं सरकवला. "लिहा. आधी लेखकाचं आडनाव येतं."

मी पेन कागदावर टेकवला, परत उचलला. शेवटी विचारावंच लागलं,

"मॅडम, तुमचं आडनाव काय?"