फोर-केमधले आजोबा

…आणि वर मलाच विचारते, "आधीच्यावर काय वाईट दिसत होतं?" अहो, तुम्हाला सांगतो, गेमिंगचा मॉनिटर घेतला मी, फोर-के, गवताचं पातं न् पातं वेगळं दिसतं त्यात, झुडपामागच्या शत्रूची पापणी हलली तरी कळते… आणि आमची श्रद्धा, म्हणजे बायको माझी, माहेर सदाशिव पेठ, दारात उभी राहून म्हणते, "गवत आपल्या कर्वेनगरातही आहे वैजनाथ. आधीच्यावर काय वाईट दिसत होतं?"

म्हटलं थांब, दाखवतोच! आमच्या वास्तुशांतीचा फोटो लावला. दोघं होमाला बसलोय, मागे पाहुणे. आधी टेन-एटीवर, म्हणजे जुन्या मॉनिटरइतक्याच रिझोल्युशनवर ठेवला, तर दाराशी एक पांढुरका डाग. पडदा असेल! जरा वाढवलं… डागाला धोतर आलं. फोर-के केलं… आणि आजोबा! चष्मा कपाळावर, डोळे बारीक केलेले, मान पुढे काढून बघतायत. होमाकडे नाही हो, आमच्याकडे! रविवारची भर दुपार, आणि मला हुडहुडी भरली.

फोन लावले. वाशीमहून बाबा म्हणतात, "आपले नाही बा ते, सूनबाईकडले असतीन." सासूबाई म्हणतात, "आमच्याकडचे? आमच्याकडचे असे दारात ताटकळत नाहीत, जावईबापू. तुमचेच." बरं, त्या दिवशी त्यांना प्रत्यक्ष बघितलं कुणी? कुणीच नाही! पान वाढलं कुणी? कुणीच नाही!

श्रद्धाने बॅग काढली. "हा माणूस मला परत दिसला तर मी आईकडे. मग फ्लॅट विक, नाहीतर एकटा राहा." आता आजोबांसकट फ्लॅट घेणार कोण, सांगा? आणि मी एकट्याने राहायचं, त्यांच्याबरोबर?… छे! मग केलं काय, तर रिझोल्युशन उतरवलं. थेट सेव्हन-ट्वेंटी! आजोबांचा परत डाग झाला, बॅग परत माळ्यावर गेली. एवढा मॉनिटर घेऊन शत्रू पिठल्यासारखा दिसतो हो मला, पण संसार टिकला ना!

परवा दोघं भाजी घेऊन आलो, कुलूप मीच उघडलं, बघतो तर मॉनिटर चालू. गवताचं पातं न् पातं वेगळं! गेम मी सोडला होता त्याच्या कितीतरी पुढे गेलेला. सेटिंग बघितलं… फोर-के. खुर्ची अगदी मॉनिटरला चिकटवलेली, आणि तिची दबलेली गादी… हळूहळू फुगत होती.

"हे तू केलंस?" श्रद्धा. नजर माळ्यावर.

"हो. मीच. सकाळी." दुसरं काय बोलणार?

"अरे पण का? आधीच्यावर काय वाईट दिसत होतं?"

काय सांगू तिला? मला दिसत होतं हो… आजोबांना दिसत नव्हतं! जाऊ दे. मी हल्ली मोबाईलवरच खेळतो.