चांदणीचा पत्रा

नाही सर, पाय खाली नका सोडू, त्या पेटीवरच राहू द्या. पेटी मजबूत आहे, आम्ही तिच्यावर इंजिन ठेवतो, तुमचा पाय असा किती जड असणार — आणि मी ऐकतेय. हात चालू असले की मला उलट नीट ऐकू येतं. तुमचं म्हणणं एवढंच ना, की मोटरसायकलला कारचे पार्ट लावले म्हणून पाय भाजला? तीनदा म्हणालात. टेम्पोतून गाडी उतरवताना म्हणालात, मामा कुठंय विचारलंत तेव्हा म्हणालात, आणि आता परत. मामा येईल अर्ध्या तासात, सामान आणायला गेलाय. तोवर ही सीट काढू द्या मला, आणि मी सांगते ते ऐका, कारण कारच्या पार्टांची ही सगळी अक्कल माझी आहे, मामाची नाही. तेव्हा काय बोलायचं ते मला बोला.

इंजिनिअरिंग झाल्यावर मी शोरूमला लागले होते — सात महिने. एकदा एका मोटरसायकलचा थर्मोस्टॅट बदलायला घेतला. थर्मोस्टॅट म्हणजे काय, अंगठ्याएवढं दार असतं, पाणी तापलं की उघडतं, एवढंच. तर कंपनीच्या खोक्यातून तो नवा काढला आणि उलटा करून बघितला — मला सवय आहे, आधी आकडा वाचायचा मग हात लावायचा, ही सवय कोणाची तर मामाची, मी नऊ वर्षांची असताना त्याने लावली — तर त्या थर्मोस्टॅटवर एका छोट्या कारच्या पार्ट बनवणाऱ्याचा शिक्का. तोच कारखाना, तेच माप, तेच तापमान. खोकं तेवढं वेगळं आणि किंमत तिप्पट. मी मॅनेजरला दाखवायला गेले, मला वाटलं तो खूश होईल. हसू नका, मला खरंच वाटलं होतं. तो म्हणाला, ताई, हे गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही. गरज नाही. त्या शब्दावर मी नोकरी सोडली. आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, जा मग मामाच्या हाताखाली, तिथं तरी टिक.

आणि तुमची ही गाडी, सर, चौदा वर्षांची. हिचे पार्ट आता कंपनी बनवतच नाही. शोरूमला नेलीत तर काय म्हणतील? भंगारात काढा. आत सगळं ठणठणीत असलेली गाडी, रेडिएटरच्या एका झाकणापायी भंगारात. याला शहाणपण म्हणायचं का? मी नाही म्हणत. म्हणून मी कुठल्या मोटरसायकलला कुठल्या कारचं काय चालतं त्याची यादी केली. अंदाजाने नाही हं. वर आमच्या स्वयंपाकघरात, आईच्या पातेल्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून, थर्मामीटर धरून, तो कितीला उघडतो ते बघत मी उभी असायचे. तीन पातेली बाद झाली, आई अजून सुनावते. झाकणं पंपाने तपासली, एकेक. पंखे उलटे फिरतात का बघितले — कारचा पंखा कधीकधी वारा उलटा फेकतो, उभ्या गाडीत कळत नाही, पळत्या गाडीत इंजिन शिजतं. मामा म्हणायचा, आमची भाची पार्टांच्या सोयरिकी जुळवते. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, कौतुक असायचं त्यात. मला तरी कौतुकच वाटायचं.

पण माझी एक अट होती. कारचं लावलं तर कारचं म्हणून लावायचं. लपवायचं नाही. ऑइलच्या जुन्या डब्याचा पत्रा कापायचा, बोटभर, त्यावर पंचने ठोकायचं — काय लावलं, कुठल्या कारचं, आकडा किती — आणि शेवटी खूण. माझी खूण चांदणी. पाच टोकांची, मी स्वतः कानस मारून पंच केलाय तो. मग पत्रा सीटखाली दोन स्क्रूंनी. म्हणजे उद्या तुम्ही गाडी विकलीत, दुसऱ्या गावी नेलीत, तिथल्या माणसाने सीट उचलली की त्याला कळलं पाहिजे. गिऱ्हाइकं तर पार्टचं नाव सोडून देतात, चांदणी लागली का एवढंच विचारतात. मलाही सगळे चांदणीच म्हणायला लागले, तुम्हीसुद्धा मघाशी म्हणालात. मला आवडतं ते, खोटं कशाला बोलू.

हं. निघाली सीट. हा बघा पत्रा. आहे. स्क्रू आहेत, चांदणी आहे — आणि बाकी काय आहे? वाचा. तुम्ही गणित शिकवता, तुम्हाला आकडे दिसतील, मला दिसत नाहीत. काहीच नाही ना. कोरा. नुसती माझी चांदणी आणि वर मोकळी जागा.

नाही, थांबा. तुम्ही लगेच मान हलवताय, ती मान मला कळते. कारचा पार्ट लावला म्हणून झालं असं अजूनही मी म्हणणार नाही. मला झाकण बघू द्या. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नसतं, सर, त्यात स्प्रिंग असते. आत दाब वाढला की झाकण जरासं उचलतं आणि जास्तीचं पाणी बाजूच्या बाटलीत सोडतं. किती दाबाला उचलायचं तो आकडा झाकणाच्या डोक्यावरच ठोकलेला असतो. तुमच्या गाडीचा आकडा ०.९. छोट्या कारचं ०.९ चं झाकण तिला चपखल बसतं, मी स्वतः अशी किती बसवलीत. पण त्यापेक्षा जास्त आकड्याचं बसवलं तर? तर झाकण उचलतच नाही, दाब वाढत जातो, आणि मग जो सगळ्यात म्हातारा असेल तो हार मानतो. तुमच्या गाडीत तो पाइप होता. चौदा वर्षांचा. तो फुटला, आणि त्या उकळत्या पाण्यासमोर तुमची नडगी.

हे झाकण. हात लावून बघा — डोक्यावर गुळगुळीत लागतंय? मधोमध? तिथं आकडा असतो. हा घासलाय. कानशीने आधी, मग बारीक पेपरने. चांगला हात आहे, घाई नाही केलेली. थांबा, आकडा नसला तरी स्प्रिंग आहे ना. हा पंप, याच्या तोंडाला मी कापलेली रेडिएटरची मान आहे. झाकण बसवलं. आता काट्याकडे बघा, माझ्याकडे नको. ०.५. ०.७. ०.९ — इथं सुटायला हवं होतं. सुटलं? १.०. अजून गप्प. १.१. १.२. आता जोर लागतोय मला, दिसतंय ना — सुटलं. किती होता काटा? मोठ्याने सांगा. बरोबर, १.३.

तर हे असं आहे. चुकून १.३ लागलं असतं तर मी म्हणाले असते, माणूस आहे, चष्मा घरी राहिला. पण चुकणारा माणूस आकडा घासत बसत नाही. आणि सर, मला एक सांगा, तो घासला कोणापासून लपवायला? तुमच्यापासून? तुम्ही आयुष्यात कधी रेडिएटरचं झाकण वाचलंय? कोणीच वाचत नाही. या गल्लीत झाकण वाचणारी एकच व्यक्ती आहे. ज्याने मला वाचायला शिकवलं त्याने ते माझ्यासाठी घासलं. मामाने मलाच मामा बनवलं — हसा की, मी स्वतःच हसतेय.

पत्र्याचं विचारताय. कोऱ्या पत्र्यावर माझी खूण आली कशी. पंच माझ्याच खिशात असतो, कोणाला देत नाही. तर — बरं. मी वीस दिवस बाहेरगावी गेले होते. एका तंत्रनिकेतनात बोलवलं होतं, पोरांना शिकवायला. विषय काय माहितीये? पर्यायी पार्ट आणि ग्राहकाचा विश्वास. फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं — लपवायचं नाही. टाळ्या पडल्या. आणि जायच्या आदल्या संध्याकाळी मामा म्हणाला, चांदणे, तू नसशील, काम अडायला नको, नुसती खूण मारून ठेव, बाकीचं मी ठोकतो, माझा हात काय वाईट आहे का. मी चाळीस पत्रे कापले आणि चाळीस चांदण्या ठोकल्या. एका बैठकीत. तो शेजारी बसून पत्र्याच्या कडा घासून देत होता, बोट कापेल म्हणून. मला फार बरं वाटत होतं हो तेव्हा.

आल्यावर डबा मोजला. सतरा उरलेत. तेवीस गेले. तुमचा एक, बाकीचे बावीस कुठल्या गाड्यांवर आहेत ते मला माहीत नाही, त्यांच्यावर काही ठोकलंय की तेही कोरेच आहेत, माहीत नाही. मामाला माहीत आहे. बावीस माणसं सीटखाली माझी चांदणी घेऊन फिरतायत, आणि त्यांना वाटतंय की आता काही काळजी नाही.

विचारलं ना मी त्याला. विचारलं. तो म्हणाला, कोणीतरी १.३ ची पेटीच दिली, ०.९ मिळेना, गाड्या खोळंबल्या होत्या, जास्त दाबाचं म्हणजे उलट जास्त मजबूत. म्हटलं, मग आकडा का घासलास? तर म्हणाला, तू उगाच कटकट केली असतीस. कटकट. माझी यादी, पातेली, पत्रे, सगळं त्याच्या लेखी एवढंच होतं. वर म्हणतो कसा, तू अजून लहान आहेस. आणि आई तिथंच जिन्यात उभी, ऐकत होती. काय बोलेल? वरची खोली मामाची आहे. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी त्याच खोलीत राहतो. भाऊ आहे तिचा. तो उद्या जा म्हणाला तर — तो म्हणणार नाही. पण त्याला म्हणता येतं, एवढं पुरे असतं.

कधी विचारलं? परत आले तेव्हाच. दुसऱ्या दिवशी. पार्ट पकडायच्या व्हाइसखाली धातूचा चकचकीत कीस पडला होता, शेजारी एक झाकण अर्धं घासलेलं, त्याच्यावर नुसता ३ राहिला होता. मी म्हटलं हे काय, तो आधी म्हणाला गंज काढतोय. नव्या झाकणाला गंज. मग निघालं सगळं. सोमवार होता तो, मला आठवतं, कारण मी जेवले नाही आणि मग मीच झाडू घेतला आणि तो कीस —

हो. सोमवार.

तुम्हाला भाजलं शनिवारी. ते मला माहीत आहे, तुम्ही सांगितलंत मघाशी. मोजू नका, मी मोजलेत. पाच दिवस. पाच दिवस मला माहीत होतं की १.३ ची झाकणं बाहेर गेलीत. कोणाकडे ते नव्हतं माहीत, खरंच नव्हतं, पण दाराला पाटी लावता आली असती, शेजारच्या पेट्रोल पंपावर सांगता आलं असतं की चांदणीवाल्यांनो, गाडी घेऊन या. मी काय केलं? कीस झाडून भरला. मला वाटलं, आधी मामाचं मन वळवते, तो स्वतः बोलवेल एकेकाला, घरातली गोष्ट घरात मिटेल. कोणाला सांगायची गरज नाही —

बघा. तोच शब्द.

नका बोलू काही. तुम्ही उठताय, बरोबर आहे, उठाच, पण भिंतीला धरून उठा, खाली ऑइल सांडलंय. एक मिनिट फक्त. हातोडी लागेल, आवाज होईल. हा पत्रा तुमचाच आहे, मी फक्त जी जागा मोकळी आहे ती भरतेय. झाकण. कारचं. एक — पॉइंट — तीन. घासलेलं. एवढं मावतं, जास्त मावत नाही. चांदणी खाली आहेच.

हा घ्या. झाकणही घ्या, दोन्ही वेगळ्या खिशात ठेवा. गाडी इथंच राहू द्या, रिक्षा कोपऱ्यावर मिळेल. मामाला भेटून जायची गरज — थांबू नका त्याच्यासाठी. आत्ता मी तुम्हाला जे बोलले ते तो समोर असताना बोलेन की नाही, ते मला नाही सांगता येत, सर. म्हणून हे तुमच्याकडे असू द्या. आणि ज्यांना दाखवायचं त्यांना आजच दाखवा. उद्या मी मागायला आले तर देऊ नका.

त्याचीच गाडी आहे ती, आवाज ओळखते मी. मागच्या दाराने जा.