बोरगावच्या व्याख्यानात राहून गेलेलं वाक्य

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्राचार्य आणि प्रमुख पाहुणे, जीवरसायनशास्त्र विभागातले माझे सोबती, विद्यार्थी आणि माझ्या निवृत्तीच्या निमित्तानं जमलेल्या निपाणीकर बंधू-भगिनींनो,

नागेंद्र सरांनी माझं फार कौतुक केलं. एकतीस वर्षं मी मधुमेहातल्या मोतीबिंदूचा अभ्यास केला, हे खरं. पण माझं बोरगावचं व्याख्यान 'गाजलं' असं ते म्हणाले, तेव्हा मला खुर्चीत बसवेना.

त्या दिवशी मी सोपं करून सांगितलं होतं. रक्तातली साखर वाढली की ती डोळ्याच्या भिंगात साठते. तिथं तिचं सॉर्बिटॉल नावाचं द्रव्य होतं, भिंग पाणी धरतं. या खटाटोपात भिंगाला जपणारं ग्लुटाथायोन संपत जातं आणि ऑक्सिडीकरणाचा मारा थेट प्रथिनांवर होतो. अंड्यातला पांढरा भाग शिजल्यावर होतो ना, तसं काचेसारखं भिंग दुधाळ होतं. आणि शेवटी, टाळ्यांचा मोह म्हणा, मी सांगितलं, "आमच्या मधुमेही उंदरांना आवळ्याचा अर्क दिला, तर त्यांचा मोतीबिंदू लांबणीवर पडला."

एवढं बोलून मी बसले. 'म्हणून इन्सुलिन कमी करू नका' हे मला सुचलंच नाही. इतकं उघड कोणी सांगायचं असतं का?

श्रोत्यांत गुणाबाई होत्या. बिड्या वळतात. त्यांची सौम्या नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर. सहा महिन्यांनी मायलेकी माझ्या दारात आल्या. सतरा वर्षांची मुलगी भिंत चाचपत चालत होती. दोन्ही बाहुल्या पांढऱ्या.

"मॅडम, रोज रस पाजतोय बघा," गुणाबाई म्हणाल्या.

"आणि इन्सुलिन?"

"सांजची सुई बंद केली. लई कळवळायची वो पोर. तुम्हीच म्हणलासा न्हवं, आवळ्यानं मोतीबिंदू हटतो?"

आता त्यांना उंदरांचा तक्ता दाखवावा?

बेळगावला नेलं. साखर इतकी चढलेली, की डॉक्टर शस्त्रक्रियेला हात लावेनात. अकरा दिवस वाट पाहिली. त्या अकरा दिवसांत मी माझेच जुने शोधनिबंध वेड्यासारखी चाळत होते. पिकलेला मोतीबिंदू विरघळवणारं काही, एखादा थेंब, एखादी गोळी? नव्हतंच. सौम्या विचारायची, "मॅडम, मार्चपातुर दिसंल न्हवं? परीक्षा हाय." मी म्हणायची, "व्हय."

शस्त्रक्रिया झाली. उजव्या डोळ्याला दिसू लागलं. डावा डोळा भिंग बदलूनही अंधारात राहिला. आठ वर्षांच्या साखरेनं मागचा पडदा पोखरला होता, आणि त्या सहा महिन्यांनी उरलंसुरलं नेलं. परीक्षा बुडाली.

पट्टी काढली त्या दिवशी गुणाबाई माझ्या पाया पडायला वाकल्या. आभार मानायला! मी त्यांना धरलं, म्हटलं, "चूक माझी आहे हो."

"असं नगा म्हणू. सुई मी बंद केली."

आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर रडत बसलो. सौम्या एका डोळ्यानं आमच्याकडं पाहत होती. ती रडली नाही.

असो. निरोपाच्या प्रसंगी हे बोलू नये, अध्यक्ष महोदय, पण आज बोलले नसते तर पुढं कधी बोलणार होते?

संस्थेनं दिलेल्या या मानाबद्दल मी मनापासून ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द अधिकउणा गेला असेल, तर पोटात घाला. बोरगावच्या चुकीची क्षमा मात्र तुमच्याकडं मागत नाही. ती जिच्याकडं मागायची, तिला आजचं निमंत्रण द्यायला मी स्वतः गेले होते. सौम्यानं आतूनच माझा आवाज ओळखला, आणि दार लावून घेतलं.