खाली पडेल ते तुझं

ऐका. ऐकायचं नसेल तर उठा आणि घरी जाऊन झोपा. पण मधेच ‘मग काय झालं’ असं विचारायचं नाही. सांगतोय ना मी! आणि त्या विड्या जरा लांब ओढा, मला खोकला येतो.

आपल्या गावात केरबा होता. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो, पदरचं काही घालत नाही. त्याच्या घरामागं चिंच. तिची एक जाड फांदी थेट माजघराच्या कौलांवर आलेली. त्याच माजघरात त्याची लेक सुंदरा पहिल्या बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेली. वळवाच्या वाऱ्याचे दिवस. फांदी मोडली तर कौलांसकट लेकीच्या अंगावर! म्हणून केरबानं झाडं छाटणाऱ्या हणमाला बोलावलं.

हणमानं वर बघितलं. म्हणाला, “वीस रुपये आणि दोन वेळचं जेवण.”

“वीस? अरे, झाड छाटायला सांगतोय, लग्न लावायला नाही!”

“आबा, एकेक फांदी दोरानं बांधून अलगद उतरवायची. नाहीतर कौलं फुटतील, मग बोंब तुम्हीच मारणार. दोर माझा, पडलो तर मोडणारी मानही माझीच.”

“पाच देतो.”

“पाचात बुंध्याला पाणी घालून जाईन.”

हणमा गेला. केरबाची बायको हौसा चुलीपासून ओरडली, “द्या की वीस! लेक जड झाली का तुम्हाला?” ऐकतोय कोण! दिवस मावळला होता. केरबानं कंदील घेतला आणि निघाला पलीकडच्या गावाला, स्वस्तातला माणूस शोधायला. ओढ्याच्या वाटेनं. अंधार पडल्यावर कुणी जात नाही त्याच वाटेनं!

ओढ्यात बाभळीखाली एक माणूस बसलेला. खांद्यावर कुऱ्हाड.

“झाड छाटायचंय ना?”

आता मला सांगा, त्याला कसं कळलं? आणि कुऱ्हाडीचा दांडा हिरवागार, त्याला पालवी फुटलेली. तोडलेल्या लाकडाला पालवी! केरबानं बघितलं आणि सोडून दिलं. त्याच्या डोक्यात फक्त मजुरी.

“काय घेशील?”

“तुम्हीच सांगा.”

“पैसा नाही देणार. खाली पडेल ते तुझं.” आपल्याकडं करतातच असं, तोडणारा फांद्या सरपणाला नेतो.

“सगळं?”

“सगळं.”

“चला.”

निघाले घराकडं. चार पावलं गेले नाहीत तोच केरबाचा पटका काट्याला अडकून खाली पडला. त्या माणसानं उचलला. “पडलं ते माझं.” केरबा हसला. पुढं चपलेचा अंगठा तुटला. “पडलं ते माझं.” केरबा हसायचा थांबला. मग हातातला कंदील असा हिसका बसून सुटला, जसा कुणी ओढला! त्यानं उचलला. वात पेटलेली, पण उजेड नाही. काळा कंदील. आणि पुन्हा समोर तीच बाभळ! चालले किती, पोचले कुठं? केरबाचे दात वाजायला लागले. हलणारी दाढ होती, ती टपकन पडली. अंधारात त्यानं तीही शोधली. “माझं.”

आणि मग म्हणाला, अगदी गोड आवाजात, “घरी लेक आहे ना? आज रात्री येईल ते.”

अरे देवा! तेव्हा बाळंतपण जमिनीवरच. मूल खालीच येणार. केरबाला आत्ता कळलं आपण कशाचा सौदा केला!

“वीस देतो!” केरबा म्हणाला.

“नको.”

“पन्नास! बैल घे!”

“नको. ठरलं ते ठरलं.”

केरबा रडला असेल असं वाटतं तुम्हाला? छे! चिडला. जन्मभर घासाघीस केलेला माणूस, सौद्यात नाडला जातोय म्हटल्यावर भूत-बीत विसरला.

“ठरलं? तू काम तरी सुरू केलंस का रे? रात्री झाडाला हात लावत नाहीत आमच्यात, झाड झोपलेलं असतं. सकाळी उन्हं आली की ये. वर चढ, पहिला घाव घाल. त्या घावानंतर पडेल ते तुझं. आधीचं कशाचं? काम न करता मजुरी घेतोस, लाज नाही वाटत? ठेव तो पटका खाली!”

  त्यानं एकेक वस्तू खाली ठेवली. दाढसुद्धा.

“उन्हात?” त्यानं बारीक आवाजात विचारलं.

“उन्हातच.” भुताला ऊन कुठलं सोसायला!

केरबानं सगळं तिथंच सोडलं आणि जो पळाला! अनवाणी, ठेचा खात. घराच्या उंबऱ्यात पोचला आणि आतून ट्यँहा! सुईणीनं पोर वरच्यावर झेललेलं. नातू. उजाडताच केरबा हणमाच्या दारात. “वीस घे. चल.” हणमा म्हणाला, “आबा, ताप आलाय का?”

भुताला पटका कशाला, दाढ कशाला, पोर तरी कशाला, मला आजवर कळलेलं नाही. केरबाला विचारलं तर म्हणायचा, “तू जाऊन विचार.” मी गेलो नाही. तुम्हीही जायचं नाही. दिवस मावळला की ती वाट बंद समजा. आणि रात्री ओढ्याकडून कुणी बारीक आवाजात विचारलं, “उन्हं आली का हो?” तर ओ द्यायची नाही. आलीही म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. तोंड मिटून सरळ घर गाठायचं.