एका वेलांटीचा फरक

…आणि वर आमच्या मोठ्या मॅडम मलाच विचारतात, "तुम्हाला वाचता येतं की नाही?" अहो, सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत घालवली, चिठ्ठ्या वाचूनच पोट भरलंय माझं! तुम्हाला सांगतो, बाटलीचा काही दोष नाही. आत तपासायला आलेला कापडाचा जांभळा रंग, साधा, गरीब. मॅडमनी बाटलीवर लिहिलं, 'काळजासह तपासणे.' आता मॅडमचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडून चालत गेलेली. मी वाचलं, 'काळजीसह तपासणे.'

तुम्ही म्हणाल, रंगाला काळीज कशाला? सांगतो. आमच्याकडे बशीत जंतू असतात, आयतोबा जंतू, स्वतःचं अन्न करायची अक्कल काढून घेतलेले. त्यांच्यावर रंग घालायचा आणि दोन दिवस उबेला ठेवायचं. रंगानं जंतूच्या आतल्या लिखाणातलं नेमकं अक्षर फिरवलं, की आयतोबाला एकाएकी स्वयंपाक येतो, तो वाढतो, बशीत ठिपका दिसतो. ठिपके फार, तर रंग घातकी. पण जंतूला काळीज, म्हणजे यकृत हो, कुठलं? ते आपल्याला. आपल्या अंगात रंग गेला की काळीज म्हणतं, थांबा, याला मोडूनतोडून बाहेर घालवते… आणि त्या मोडतोडीतून जे निघतं ना, ते सरळ पेशीतल्या लिखाणात जाऊन बसतं. म्हणून बशीत उंदराच्या काळजाचा अर्क घालायचा, त्यालाच आम्ही नुसतं 'काळीज' म्हणतो.

मी काय घातलं? काळजी. हातमोजे दोन-दोन, टेबल तीनदा पुसलं, जन्मात घेतली नव्हती एवढी काळजी घेतली आणि तीच नडली. ठिपके नेहमीइतकेच, रंग न घालताही पडतात तेवढे. लिहिलं 'निर्धोक', ठोकली सही.

आणि तो रंग गेला कुठे? माझा मेहुणा कामाला आहे त्याच कापड रंगवायच्या कारखान्यात. घरी आला तो कोपरापर्यंत जांभळा. "भाऊजी, कागदावर तुमची सही दिसली, म्हटलं आपलाच माणूस. हातमोजे दिले भिरकावून!" बायको म्हणाली, "बघा, किती विश्वास आहे माझ्या भावाचा." मीही हसलो हो… सात महिने हसलो.

परवा मॅडमनी वही उघडली. "यात काळीज कुठंय?"

"घेतली होती की मॅडम."

"घेतली? अहो, काळजी नव्हे, काळीज!"

पुन्हा लावल्या बश्या, या खेपेला काळीज घालून. दोन दिवसांनी झाकण उघडलं तर बशीला गोवर आलेला. मोजायला बसलो, अर्ध्यातच मोजणं सोडून दिलं. बाटलीचा काही दोष नाही, कुठे लपून बसली होती ती? मी एक वेलांटी चुकलो, मला धरायला मॅडम होत्या. पेशी चुकली तर एकीच्या दोन होताना तीच चूक उतरवून घेते, दोनाच्या चार… तिथं आत वही तपासायला कोण बसलंय? मला भीती वाटते हो. खरंच वाटते.

धावत गेलो मेहुण्याकडे. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यानं जांभळ्या हातानं माझी पाठ थोपटली. "भाऊजी, उगाच घाबरता. कालच डॉक्टरला दाखवून आलो. तो म्हणाला, तुमचं काळीज ठणठणीत आहे, काम अगदी जोरात चालू आहे."

बाटलीचा काही दोष नाही हो. काळीजच कामसू निघालं.