कुरणातल्या मातीची भूक

सन्माननीय अध्यक्ष मल्लिकार्जुनअप्पा, व्यासपीठावरील प्राचार्य शरदचंद्र सर, आज सेवानिवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती सरोजिनीबाई, खास हदगावहून आलेल्या त्यांच्या भगिनी इंदूताई, सहकारी, विद्यार्थी मित्रहो, आणि मागच्या रांगेत अंग चोरून बसलेले गुरुबसप्पा... मालक, पुढं या. खुर्ची रिकामी आहे.

मी शिवमूर्ती मठपती, रसायनशास्त्र शिकवतो. बाई सूक्ष्मजीवशास्त्राच्या. आमच्या दोन प्रयोगशाळांत एकच भिंत. त्यामुळं बाईंचं कौतुक इतर वक्त्यांवर सोपवून मी भिंतीपलीकडची हकीकत सांगतो. प्रसंग आनंदाचा आहे, हकीकत तशी नाही. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

उदगीरच्या बाहेर माळावर गुरुबसप्पांचं कुरण होतं. त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून त्याला नांगर लागलेला नव्हता. बैलांसाठी राखलेलं गवत, बस्स. बाई तिथं जाऊन बिनबुडाची पत्र्याची पेटी मातीवर पालथी घालायच्या आणि आतली हवा सिरिंजनं ओढून घ्यायच्या. गावात बोभाटा झाला, ‘बाई जमिनीला सुई टोचून राहिल्या!’

काय शोधत होत्या? मिथेन. गोबरगॅसमध्ये असतो तोच वायू. हवेत मिसळला की धरती तापवतो. ना रंग, ना वास. पण मातीत असे जीवाणू आहेत की हा वायू हेच त्यांचं अन्न! कुरणावरच्या पेटीतला मिथेन बघता बघता कमी व्हायचा. बांधापलीकडं सोयाबीनचं रान, माती तीच. पण वर्षानुवर्षं नांगरलेली, युरिया खाल्लेली. तिथं मात्र तो जेमतेम घटायचा. बाई म्हणायच्या, “सर, या मातीची भूक मेलीय.”

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. गुरुबसप्पांची जनावरं एकेक करून बाजारात गेली. त्यातच आवई उठली, नवा जिल्हा होणार, कचेऱ्या या माळावरच येणार. एका सकाळी आम्ही गेलो तर कुरणावर जेसीबी उभा. बाई धावतच पुढं गेल्या.

“अप्पा, हे काय करून राहिलात?”

“प्लॉट पाडतो, बाई.”

“अहो, ही माती पुन्हा होणार नाही!”

गुरुबसप्पा शांतपणे म्हणाले, “गुरंच न्हाईत तर कुरण कुनासाठी ठिवू? सांगा तुमी.”

 बाई खाली बसल्या. उपटलेल्या गवताची मुळं हातात घेऊन बसल्या. गुरुबसप्पांनाच राहवलं नाही. “हिरीकडचा कोपरा सोडतो, जा. लई जीव लावलाय तुमी,” असं म्हणून त्यांनी विहिरीजवळचा तेवढा तुकडा खरंच सोडला.

पुढं पाऊस आला. कोरड्या मातीत निपचित पडलेले ते जीव कोपऱ्यात पुन्हा जागे झाले. पेटीतला मिथेन पूर्वीसारखा उतरू लागला. सपाट केलेल्या भागात काहीच नाही. पुढच्या पावसाळ्यातही नाही. मग वस्ती झाली, सांडपाणी सखल जागी साचून कुजलं. तिथल्या चिखलावर बाईंनी पेटी ठेवली आणि नमुने घेऊन माझ्याकडं आल्या. “सर, तुमच्या वायू मोजायच्या यंत्रावर करून बघा. माझं बिघडलंय बहुतेक.”

यंत्र बिघडलेलं नव्हतं. मिथेन वाढत होता. वायू खाणारी जमीन आता वायू सोडत होती. 

हे ऐकून गुरुबसप्पांनी विचारलं होतं, “परत गवत लावलं तर?”

बाई म्हणाल्या, “गवत एका पावसात येईल, अप्पा. ते जीव कधी येतील, माहीत नाही. माझ्या हयातीत तर नाहीच.” 

आपल्या जिल्ह्यात असे किती माळ उलटले असतील? कुणी मोजलेत? विहीर आटली तर दिसते, झाड तुटलं तर आवाज होतो. ही भूक मरते तेव्हा काहीच होत नाही. आणि बाईंची जागा भरली जाणार नाही, असं आम्हाला कळवण्यात आलं आहे. प्राचार्य सर, हा दोष तुमचा नव्हे. पण सभेला ठाऊक असावं.

काल गुरुबसप्पा कॉलेजात आले होते. हिरीकडच्या कोपऱ्यातून रस्ता जाणार, खुंट्या मारून झाल्या. त्यांनी अर्ज केला, हातापाया पडले, काही झालं नाही. म्हणून आज सकाळी, स्वतःच्या सत्काराच्या दिवशी, बाई तिथं पेटी ठेवून आल्या. आपण सगळे हार घेऊन इथं थांबलो होतो तेव्हा त्या माझ्या यंत्रापाशी होत्या.

मी विचारलं, “काय निघालं?”

म्हणाल्या, “माती अजून खातेय, सर. तिला कुठं ठाऊक आहे!”

सोमवारी रस्त्याचं काम सुरू होतंय. बाई, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मंगल प्रसंगी मी अमंगळ बोललो, कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला बोल लागला असेल, तर सभेनं मोठ्या मनानं मला माफ करावं. आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल ऋणी आहे.